झाडपाला आणि त्याची नोंद

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा, नाशिकमधील पेठ-सुरगाणा आणि अहिल्यानगरमधील अकोले या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजांतील झाडपाल्याचे औषध देणारी माणसे आजही आहेत आणि त्यांच्याकडे जाणारे रुग्णही आहेत. बाहेरचा माणूस या सर्वांना सरसकट भगत म्हणतो, परंतु गावात त्यांची कामे नीट वाटलेली असतात. तांदळाचे दाणे मांडून दुखण्याचे कारण पाहणारा भगत पुष्कळदा औषध स्वतः देत नाही, ते मुळ्या-सालींच्या जाणकाराकडून आणायला सांगतो. हाड बसवणारा वेगळा असतो, बाळंतपण करणारी सुईण वेगळी, आणि गुरांच्या दुखण्यावरचा पाला ज्याला ठाऊक आहे तो बहुधा आयुष्यभर गुरे राखलेला माणूस असतो. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून औषधे विकणारे वैदू हा तर स्वतंत्र भटका समाज आहे आणि त्यांचा या गावव्यवस्थेशी संबंध नाही. हे वाटप समजल्याखेरीज सुरू झालेली नोंद बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला विचारलेल्या प्रश्नांनी भरते.

माणूस आणि वनस्पती यांच्यातील परंपरागत संबंधांचा अभ्यास करणारी जी शाखा लोकवनस्पतिशास्त्र म्हणून ओळखली जाते, तिला इंग्रजीतले नाव १८९५ मध्ये अमेरिकेतील जॉन हार्शबर्गर यांनी दिले आणि भारतात तिचा पाया घालण्याचे श्रेय डॉ. एस. के. जैन यांना दिले जाते. १९८२ मध्ये केंद्र सरकारने आदिवासींच्या जीवसृष्टीविषयक ज्ञानाचा देशव्यापी समन्वित प्रकल्प हाती घेतला आणि त्यानंतर विद्यापीठांतून या विषयावर शेकड्यांनी प्रबंध लिहिले गेले. या लेखनाचा साचा ठरलेला आहे: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुळ, उपयुक्त भाग, उपयोग अशा पाच-सहा रकान्यांचा तक्ता, आणि त्याच्या आधाराला वनस्पतीचा नमुना, म्हणजे फुलाफळांसह तोडलेली, टीपकागदात दाबून वाळवलेली आणि जाड कागदावर चिकटवून संग्रहात क्रमांकाने ठेवलेली फांदी. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रह किंवा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संग्रह पाहिला की अशा नमुन्यांचे मोल कळते, कारण नमुना हाताशी असेल तर पन्नास वर्षांनंतरही वनस्पतीची ओळख पुन्हा तपासता येते. तक्त्याविषयी मात्र तितके निःशंक राहता येत नाही. प्रत्यक्ष काम करणाऱ्याला फार लवकर जाणवते की जाणकाराच्या तोंडून जे ऐकले आणि त्याच्या हातून जे पाहिले, त्यातले सर्वांत मोलाचे नेमके रकान्यांच्या बाहेर राहते.

कुड्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आव आणि रक्तातिसार यांवर पांढऱ्या कुड्याची साल हे सह्याद्रीतले बहुधा सर्वांत परिचित औषध असून आयुर्वेदात ते कुटज या नावाने येते आणि त्यातील कोनेसीन या अल्कलॉइडचा, म्हणजे वनस्पतीत तयार होणाऱ्या नत्रयुक्त कडू द्रव्याचा, आमांशाच्या जंतूंवरील परिणाम रसायनशास्त्रालाही माहीत आहे. तक्त्यात याची नोंद एका ओळीत संपते. जाणकाराबरोबर रानात गेले असता त्या ओळीच्या आधी केवढे काम आहे ते दिसते, कारण त्याच उतारावर काळा कुडाही उभा असतो, त्यालाही पांढरा चीक येतो, त्याचीही फुले पांढरी असतात, आणि त्याची साल आवेवर निरुपयोगी मानली जाते. शेंगा असतील तर ओळख सोपी असते: पांढऱ्या कुड्याच्या लांब, बारीक शेंगा जोडीने लोंबतात पण टोकाला सुट्या राहतात, काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात. परंतु रुग्ण शेंगांचा हंगाम पाहून येत नाही. म्हणून जाणकार बुंध्यावर कोयत्याने लहानशी खाच पाडतो, आतली साल नखाने खरवडतो, हुंगतो आणि जिभेवर ठेवतो. कडवटपणा जिभेच्या मुळाशी किती वेळ रेंगाळतो यावरून तो झाड ठरवतो. त्यानंतरही फार कोवळे झाड तो सोडून देतो, वरची मेलेली साल काढून टाकतो आणि आतली साल ठेचून ताकात द्यायची की काढा करून, हे रुग्णाचे वय आणि त्याची ताकद पाहून ठरवतो. जिभेने केलेली ही पारख शब्दांत उतरवणे कठीण आहे, आणि तिची सोय असलेला रकाना कोणत्याही नमुनापत्रकात आढळत नाही.

औषधाचे मापही असेच नोंदीला जुमानत नाही. चिंचोक्याएवढी गोळी, करंगळीच्या पेराएवढी मुळी, मुलाच्या औषधाला मुलाच्या मुठीत मावेल तेवढाच पाला, ही मापे ग्रॅममध्ये बदलली की नेमकी झाल्यासारखी वाटतात, पण शेवटच्या मापात रुग्णाच्या शरीराच्या आकारमानाशी औषध जोडण्याचा जो विचार आहे तो ग्रॅममध्ये उरत नाही. अनशापोटी घ्यायचे औषध आणि त्यासोबत पाळायचे पथ्य यांचेही तसेच. तेल, आंबट, सुकी मासळी वर्ज्य करणारे पथ्य अभ्यासकाला अनेकदा रूढी वाटते आणि तो ते टिपत नाही, पण जाणकाराच्या दृष्टीने पथ्याविना दिलेला पाला हा औषध नसून नुसताच पाला असतो.

विषारी वनस्पतींच्या बाबतीत रकान्याबाहेर राहिलेल्या भागाचे महत्त्व अधिक गंभीर होते. पावसाळ्यात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले घेऊन चढणारी कळलावी हिच्या कंदात कोल्चिसीन हे तीव्र विष असते आणि कंद पोटात गेल्यास मृत्यू ओढवू शकतो. सुईण तो पोटात देतच नाही. प्रसूती अडली असता ती कंद उगाळून त्याचा लेप बाईच्या तळपायांना किंवा बेंबीभोवती लावते आणि मूल बाहेर येताक्षणी तो धुऊन काढते. लेप राहिला तर कळा थांबत नाहीत आणि बाईला अपाय होतो, असे ती बजावून सांगते. छापील पुस्तकांत ‘कळलावी: कंद: सुलभ प्रसूतीसाठी’ एवढाच मजकूर अनेकदा दिसतो, ज्यात कंद बाहेरून लावायचा की खायचा हेसुद्धा नसते. ज्या ज्ञानात धुऊन काढण्याची वेळ हाच अर्धा भाग आहे, त्याची अशी नोंद वाचून कोणी उपचार करू लागला तर जीव जाईल, आणि ती जबाबदारी लिहिणाऱ्याचीही असेल. आज अडलेल्या बाळंतिणीची जागा रुग्णालयातच आहे, आणि गावोगावच्या जुन्या सुइणी हे स्वतः सांगतात. कातकरी स्त्रिया कडू कांदा खाण्याजोगा करण्यासाठी जे करतात तेही याच जातीचे ज्ञान आहे: कंदाचे पातळ काप करून राखेच्या पाण्यात उकळायचे आणि मग वाहत्या पाण्यात ठेवून कडवटपणा पूर्ण निघेपर्यंत धुवायचे. विष काढण्याची कृती ठाऊक नसेल तर वनस्पतीचे नाव ठाऊक असून काही उपयोग नाही.

आदिवासींचे औषधज्ञान प्राचीन काळापासून जसेच्या तसे चालत आले आहे, असे कौतुकाने म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हे कौतुक या ज्ञानावर अन्याय करणारे आहे. कोयता लागला, दगडावर पाय कापला की आज सह्याद्रीत जवळजवळ कोणीही ज्या वनस्पतीकडे हात नेतो ती एकदांडी, जिला काही ठिकाणी दगडी पाला किंवा कंबरमोडी म्हणतात, ही मूळची भारतातली नाही. ती मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची वनस्पती असून परदेशी तण म्हणून येथे पसरली. तिचा पाला तळहातावर चोळून रस जखमेवर पिळला की रक्त थांबते, हे ज्ञान म्हणूनच कोणत्याही ऋषीकडून किंवा प्राचीन पूर्वजाकडून आलेले असू शकत नाही. एक अनोळखी तण बांधावर उगवले, कोणीतरी ते हुंगले, चावून पाहिले, जखमेवर लावून पाहिले, त्याचा गुण आला तेव्हा शेजाऱ्याला सांगितले, आणि काही पिढ्यांतच ते घराघरांत पोचले. सीताफळही अमेरिकेतूनच आलेले, आणि गुरांच्या जखमेत किडे पडले तर त्याचा पाला वाटून भरण्याची रीत आज सर्वत्र आहे. हे ज्ञान निरीक्षण, प्रयोग आणि पडताळणी यांनी वाढत आलेले आहे याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे अवघड आहे, आणि आश्चर्य असे की लोकवनस्पतींच्या याद्यांमध्ये या दोन्ही वनस्पती परकीय म्हणून दुय्यम ठरवल्या जातात किंवा प्राचीन वारसा म्हणून गौरवल्या जातात. प्रयोगाचे श्रेय मात्र ज्यांनी प्रयोग केला त्यांच्या खात्यावर क्वचितच जमा होते.

जे ज्ञान प्रयोगाने वाढते ते चुकूही शकते, आणि हे स्पष्टपणे लिहिण्यात आदर कमी होत नाही. सर्पदंशाची बाब यात सर्वांत निकडीची आहे. सापांच्या बहुसंख्य जाती बिनविषारी असतात आणि विषारी सापाच्या दंशातही प्रत्येक वेळी विष शरीरात उतरत नाही, त्यामुळे मुळी उगाळून दिलेले बरेचसे रुग्ण बरे होतात आणि मुळीला यश मिळते; परंतु नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष पुरेसे उतरले असेल तर मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्थांत तयार होणाऱ्या प्रतिविषाखेरीज दुसरे विश्वसनीय औषध नाही, आणि मुळीपायी गेलेला तास परत मिळत नाही. सर्पदंशावर जी सापसन नावाची वेल अनेक ठिकाणी दिली जाते तिच्या कुळात अरिस्टोलोकिक आम्ल असते, जे मूत्रपिंडांना इजा करते आणि कर्करोगास कारण ठरते हे आता सिद्ध झाले आहे. काविळीबाबत धोका वेगळ्या वाटेने येतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांत आपोआप बरी होते, म्हणून काविळीचा पाला देणाऱ्याचे नाव होते आणि पित्तमार्गातील खडा किंवा यकृताचा गंभीर आजार असलेला रुग्णही त्याच्याच दारी थांबून राहतो. विंचवाच्या बाबतीत कोकणाने एक चांगले उदाहरण पाहिले आहे: महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा वापर करून मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आणले. हे ऐकलेले, पाहिलेले चांगले जाणकार विंचू चावलेल्या मुलाच्या अंगाला घाम सुटून हातपाय गार पडू लागले तर पाला हातात न घेता गाडी पाहायला सांगतात. कोणता रुग्ण आपला नाही हे ओळखणे हा त्यांच्या विद्येचाच भाग आहे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने अशा माणसाला वैरी न मानता सोबती मानले तर रुग्ण लवकर पोचेल, हे या भागांत काम करणाऱ्या कोणालाही पटण्यासारखे आहे.

जाणकार औषध सांगत नाहीत, लपवतात, अशी तक्रार नोंद घेणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. सांगितले तर गुण जातो, ही त्यांची समजूत शब्दशः घेतली तर ती श्रद्धा ठरते, पण अनुभवाच्या बाजूने पाहिली तर ती व्यवहाराची गोष्ट आहे. अगस्त्यमलैच्या डोंगरात १९८७ मध्ये शास्त्रज्ञांच्या तुकडीबरोबर वाटाड्या म्हणून चालणाऱ्या काणी आदिवासींना थकवा घालवणारी फळे चघळताना पाहिल्यावर आग्रहाने विचारणा झाली आणि आरोग्यपच्च ही वनस्पती बाहेर कळली. केरळच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने त्यापासून जीवनी नावाचे औषध तयार करून १९९५ मध्ये त्याचा परवाना कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला १० लाख रुपये शुल्क आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन या अटींवर दिला, आणि मिळकतीचा निम्मा वाटा काणींना देण्याचे ठरवले. त्यासाठी १९९७ मध्ये काणींचा न्यासही नोंदवण्यात आला. लाभवाटपाचा हा जगभर उद्धृत होणारा प्रयोग आहे आणि तो प्रामाणिक होता यात शंका नाही. तरीही प्लाथी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काणी वैद्यांपैकी काहींनी त्याला विरोध केला, कारण त्यांच्या मते ही विद्या कोणा दोघा-तिघा तरुणांनी परस्पर देऊन टाकण्याची नव्हती. पैसा वाटण्याची पद्धत ठरवली गेली, पण सांगण्याचा अधिकार कोणाचा हा प्रश्न आधी विचारला गेला नाही, आणि महाराष्ट्रातील नोंदींमध्येही हाच प्रश्न बहुधा विचारायचा राहतो.

कायद्याची भाषाही येथे अपुरी पडते. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने दाद मागून १९९७ मध्ये रद्द करवले, ते छापील पुरावे दाखवून. त्यानंतर उभारलेल्या पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयातही आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांच्या ग्रंथांतील ज्ञान आले, तोंडी ज्ञान आले नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञानाच्या वापराला लाभवाटपाच्या बंधनातून सवलत दिली आहे. कुडा कुटज या नावाने ग्रंथात असल्यामुळे त्याच्या सालीपासून औषध करणारा उद्योग कोणा वारली जाणकाराचे देणे लागतो असे सिद्ध करणे आता जवळजवळ अशक्य आहे, जरी त्या उद्योगासाठी साल गोळा करणाऱ्यांनी झाड ओळखणे त्याच्याकडूनच शिकलेले असले तरी.

आणि झाड उरले पाहिजे. अनेक जाणकार साल झाडाच्या उगवतीच्या बाजूनेच काढतात, तोडण्याआधी बुंध्याशी तांदळाचे चार दाणे ठेवतात, आणि त्या बाजूची साल भरून येईपर्यंत पुन्हा त्या झाडाकडे जात नाहीत. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणाऱ्या नलिका सालीतच असतात, म्हणून बुंध्याभोवती पूर्ण वर्तुळात साल काढली की झाड मरते आणि एकाच बाजूने काढली की जगते; नियम दिशेचा असला तरी त्याने राखले जाते ते झाड. बाजारासाठी साल काढणाऱ्याला असा नियम नसतो. नरक्याच्या बाबतीत हे सह्याद्रीने भोगले. कर्करोगावरील कॅम्पटोथेसीन हे द्रव्य मूळ नंदुरबारचे असलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी वृक्षापासून वेगळे केले, १९७२ मध्ये ते भारतातील नरक्यात सापडले, आणि मग आंबोलीपासून राधानगरीपर्यंतच्या रानांतून हा लहान वृक्ष बुंध्यासकट तोडून ट्रकांनी बाहेर गेला. तोडणाऱ्या मजुराला त्या दिवसाची मजुरी मिळाली. मौल्यवान औषधाच्या शोधाचा अभिमान नंदुरबारने जरूर बाळगावा, पण त्या शोधाची किंमत कोणत्या रानाने मोजली हेही त्याच पानावर लिहिले गेले पाहिजे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती, मुळे आणि कंद यांना गौण वनोपजात स्पष्टपणे घेतले आणि जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला. गडचिरोलीतील मेंढा-लेखा आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यापासून गावाने स्वतःच्या जंगलाची आखणी स्वतः करावी ही कल्पना कागदावरून जमिनीवर आली आहे. त्याच जिल्ह्यातल्या स्त्रियांचे झाडांशी असलेले नाते डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’मध्ये नोंदवले, तेव्हा सांगणाऱ्या बायका त्या पुस्तकात माहिती देणाऱ्या म्हणून न येता जाणत्या म्हणून आल्या, आणि लोकजैवविविधता नोंदवह्या भरणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक हाती घ्यावे. या नोंदवह्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत अपेक्षित आहेत, पण पुष्कळ ठिकाणी त्या बाहेरच्या संस्थेने घाईने भरलेल्या, जुन्या पुस्तकांतून उतरवलेल्या आणि जाणकाराने कधी न पाहिलेल्या असतात. त्या नोंदवहीत काय लिहायचे, काय लिहायचे नाही, कोणती साल कोणत्या महिन्यापर्यंत कोणीही काढायची नाही आणि बाहेरच्या कोणाला कोणती पाने दाखवायची, हे ग्रामसभेने सुईण आणि भगत यांना पुढे बसवून ठरवावे, आणि अभ्यासकाने त्यांना वाचून दाखवल्याखेरीज एकही ओळ छापायला पाठवू नये.